दोन बटणांची कंपनी

कंपनीच्या इतिहासाचं पहिलं वाक्य पुन्हा खोडून परत आलं. वाक्य साधं होतं: ‘गरम आणि गार हवेची यंत्रं बनवणारी आमची कंपनी दोघा भावांनी एका पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केली.’ थोरल्यांनी निळ्या शाईने ‘आणि गार’ काढलं होतं, ‘दोघा भावांनी’ काढलं होतं. धाकट्यांनी हिरव्या शाईने ‘गरम आणि’ काढलं होतं, ‘दोघा भावांनी’ त्यांनीही काढलं होतं. ‘पत्र्याच्या’वर दोघांचीही रेघ होती, कारण एकाला शेड विटांची आठवत होती आणि दुसऱ्याला लाकडाची. नातीने दोन्ही कागद एकावर एक धरून दिव्यासमोर बघितले. जे उरलं त्यावरून कंपनी सुरू झाली होती खरी, पण कोणी केली आणि ती कसल्या हवेची यंत्रं बनवते याचा पत्ता नव्हता.

नमनालाच घडाभर तेल, असं ती मनात म्हणाली आणि कोरा कागद ओढला.

घरात तिला सगळे ‘मापाडी’ म्हणत. लहानपणी ती अंघोळीच्या पाण्यात थर्मामीटर बुडवून मगच तांब्या उचलायची, तेव्हापासूनचं हे नाव. पुढे पदार्थविज्ञान शिकून ती कंपनीच्या टेस्टिंग रूममध्ये रुजू झाली, तरी नाव सुटलं नाही. थोरले तिचे सख्खे आजोबा, धाकटे चुलत. दोघांनीही ऐंशी ओलांडलेली, दोघेही रोज भोंग्याआधी हजर. दोघांच्या केबिनी शेजारी शेजारी, मध्ये काचेची भिंत. काचेला दोन्ही बाजूंनी पडदे, कारण एकाने लावलेला पडदा दुसऱ्याला आपला वाटला नव्हता. एकमेकांशी बोलायचं असेल तर ते हिशेबनिसांमार्फत बोलत. हिशेबनीस बिचारे दिवसभर दोन दारांमधून घड्याळाच्या लंबकासारखे हलत असत, आणि निरोप पोचवताना त्यातल्या शिव्या काढून टाकण्याची त्यांची हातोटी एवढी दांडगी होती की दोन्ही भावांचा समज झाला होता, आपला भाऊ वयोमानाने नरमला आहे.

कारखानाही तसाच. डावीकडे गरम खातं, उजवीकडे गार खातं. हीटर, कॉइल, त्यांच्या तारा डावीकडे. कॉम्प्रेसर, पंखे, तांब्याच्या नळ्या उजवीकडे. दोन्हीकडचे स्क्रूसुद्धा वेगळ्या मापाचे, त्यामुळे दुरुस्तीला जाणारे मेकॅनिक दोन दोन पान्यांचे संच खांद्यावर वागवत. आणि शेवटी जे यंत्र तयार होई, त्यावर दोन बटणं असत. लाल बटण गरम बाजूचं, निळं बटण गार बाजूचं. लाल बटण ज्या आकड्यावर ठेवाल त्याच्या खाली खोली गेली की हीटर लागायचा. निळं ज्या आकड्यावर ठेवाल त्याच्या वर गेली की कॉम्प्रेसर. दोन्ही नीट लावली तर ठीक. पण गिऱ्हाईक नीट लावेल कशाला? थंडी वाजली की लाल वाढवायचं, उकडलं की निळं उतरवायचं. लाल सव्वीसवर आणि निळं बावीसवर गेलं की मग दोन्ही यंत्रं एकाच पेटीत एकमेकांशी कुस्ती खेळत बसायची. एक तापवतंय, दुसरं थंड करतंय, आणि विजेचं मीटर भोवऱ्यासारखं फिरतंय.

हे तिने टेस्टिंग रूममध्ये मोजून, आलेख काढून थोरल्यांपुढे ठेवलं होतं. थोरल्यांनी चष्मा वर करून आलेख पाहिला होता.

“चोवीसवर सरळ रेघ आहे की. मग बिघडलं कुठे?”

“रेघ सरळ आहे, आजोबा, पण वीज दुपटीहून जास्त जातेय. गाडी चालवताना एक पाय ब्रेकवर आणि एक अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवल्यासारखं आहे हे.”

“मग गाडी सुरक्षित राहते,” थोरले म्हणाले, आणि आलेख व्यवस्थित घडी करून तिला परत दिला.

पण गाडी अडली होती. वीजबचतीच्या प्रमाणपत्राशिवाय पुढच्या हंगामापासून असली यंत्रं विकता येणार नव्हती, आणि सरकारी प्रयोगशाळेने दोन बटणांचं यंत्र नापास करून परत पाठवलं होतं. मापाडीने वर्षभर खपून एका बटणाचं यंत्र आखलं होतं. एकच बटण, एकच थर्मोस्टॅट. गरम करायचं की गार, ते यंत्र स्वतः ठरवणार, दोन्ही एकदम कधीच नाही. टेबलावरच्या कच्च्या जुळणीत ते चालतही होतं. फक्त ड्रॉइंगवर दोन सह्या हव्या होत्या. दोघा भावांच्या सह्यांशिवाय साधा वॉशरही बदलायचा नाही, हा कंपनीचा पहिल्यापासूनचा नियम. सह्या झाल्या नाहीत तर प्रमाणपत्र मिळणार नव्हतं हे तर झालंच, पण तिला त्याहून दुसरी गोष्ट जास्त टोचत होती. एवढं धडधडीत मोजून दाखवलेलं इथे कोणी ऐकणार नसेल, तर या कारखान्यात आपलं काम काय? आडनाव म्हणून खुर्चीत बसायचं? तिने बाबांना सांगून टाकलं होतं की हे ड्रॉइंग अडकलं तर ती दुसरीकडे जाईल. बाबा कंपनीची विक्री बघत. ते नुसतं ‘हं’ म्हणाले होते, पण त्या दिवशी त्यांनी चहा अर्धाच घेतला.

थोरल्यांनी सहीला अट घातली. कंपनीची नवीन माहितीपुस्तिका निघणार आहे, तिच्यात इतिहास नीट लिहून दे, मग बघू. आधी मूळ लिहा, मग फांद्या छाटा. धाकट्यांचीही हिशेबनिसांमार्फत हीच अट आली. कित्येक वर्षांत दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट, आणि ती नेमकी तिच्या डोक्यावर मिऱ्या वाटायला.

ती दोघांकडे आलटून पालटून बसली. थोरले सांगत, कंपनीचं पहिलं यंत्र म्हणजे शेगडी. तार त्यांनी स्वतःच्या हाताने गुंडाळली, शेजारच्या शिंप्याच्या खोलीत लावली, शिंप्याची बोटं थंडीने आखडायची थांबली. धाकटे सांगत, शेगडी कसली? पहिलं यंत्र पंख्याचं. पंख्यामागे पाण्याची पेटी त्यांनी जोडली, त्याच शिंप्याच्या खोलीत, कारण घामाने कापडावर डाग पडायचे. पहिलं यंत्र चालू झालं तो दिवस कोणता, यावर मात्र दोघेही अगदी ठाम होते, आणि तो एकच दिवस होता. तिने शास्त्रज्ञाच्या चिकाटीने विचारलं, त्या दिवशी अंगात काय होतं? थोरले म्हणाले, स्वेटर, तोही कोपरावर फाटलेला. धाकटे म्हणाले, दोघेही उघडेबंब, घामाच्या धारा लागलेल्या. शिंपी हयात नव्हता. तो असता तरी कोणाच्या बाजूने बोलला असता देव जाणे. शिंप्यांना कारखानदारांचे कपडे शिवायचे असतात.

शेवटी तिने हात टेकले. दुपारी बाबांच्या टेबलावर दोन्ही खोडलेले कागद टाकून ती म्हणाली की प्रकाश कण आहे की लहर हे भांडण एवढं चाललं नसेल. बाबा म्हणाले, “तिसऱ्या कोणाला तरी गाठ. आपलं पहिलं गिऱ्हाईक आहे की. हॅचरीवाला.”

हे तिला आधी सुचायला हवं होतं. कंपनीच्या प्रत्येक पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर वर्षानुवर्षं एक ओळ छापली जायची: ‘आमचे पहिले ग्राहक, आजही आमच्यासोबत.’ खाली गावाबाहेरच्या उबवणी केंद्राचं नाव. तिथे कंपनीतून कोण कधी गेलं होतं, हे बाबांनाही आठवत नव्हतं. ओळ छान होती, म्हणून छापत आले होते.

हॅचरी म्हणजे पांढऱ्याशुभ्र फरश्यांची इमारत निघाली. आत जायचं तर जंतुनाशकाच्या पाण्यात पाय बुडवा, तिथल्या चपला घाला, केसांवर टोपी चढवा. आतल्या खोलीत माणसाच्या उंचीची कपाटं, त्यांत अंड्यांचे थाळे, आणि दर थोड्या वेळाने सगळे थाळे एकदम कुरकुरत दुसऱ्या बाजूला कलायचे. तिला जागा फार आवडली. इथे अर्धा अंश इकडेतिकडे झाला तर पिल्लू मरतं. म्हणजे तिच्यासारखीच माणसं असणार.

मालकीणबाई साठीच्या, एप्रन घातलेल्या, दांडग्या. केंद्र त्यांच्या वडिलांनी काढलेलं. मापाडीने नमस्कार करून कंपनीचं नाव सांगितलं आणि तुम्ही आमचे पहिले ग्राहक, तर दोन शब्द सांगाल का, असं अदबीने विचारलं. बाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिने पुढे केलेल्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानाकडे, आणि मग एवढ्या हसल्या की दोन कामगार दारातून डोकावून गेले.

“अगं, तुमचं एक तरी यंत्र दिसतंय का इथे?”

दिसत नव्हतं. कपाटांवर दुसऱ्याच कंपनीचा शिक्का होता. तिचे कान तापले.

बाईंनी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. त्या तेव्हा शाळेत जायच्या. वडिलांना अंडी उबवायला पेटी हवी होती, आणि दोन भाऊ नवीन वर्कशॉप काढून बसले होते. त्यांनी पेटी बनवली. थोरल्याने तापवायची तार बसवली, धाकट्याने हवा खेळायला पंखा आणि झरोके. छान पेटी होती, एकच बटण. तीन आठवडे तेवढीच ऊब राहिली की पिल्लं बाहेर. पोरं एवढी काळजीवाहू की दोघेही रोज यायचे. थोरला यायचा सकाळी. त्याला वाटायचं पेटी गार पडलीय, तो बटण वर करायचा. धाकटा यायचा दुपारी. त्याला वाटायचं अंडी उकडतायत, तो खाली करायचा. दोघांनी एकमेकांना अवाक्षर सांगितलं नाही. प्रत्येकाला वाटायचं, आपण लावलेलं बटण आपोआप सरकतंय, म्हणजे दुसऱ्याचं काम कच्चं आहे.

“वडिलांना कौतुक. म्हणायचे, बघा, कामावर किती जीव आहे यांचा. एकही पिल्लू निघालं नाही. वास मात्र असा सुटला की आम्ही आठवडाभर अंगणात जेवलो.”

मग वडिलांनी पेटी रस्त्यावर फेकली, भावांनी एकमेकांवर खापर फोडलं, आणि दोन महिन्यांनी दोघे नवी पेटी घेऊन हजर झाले. तिला दोन बटणं होती. एक याचं, एक त्याचं, आणि दुसऱ्याच्या बटणाला हात लावायचा नाही असा करार.

“वडील म्हणाले, बाबांनो, मला अंडी उबवायचीत, तुमचा तह नाही उबवायचा. आणि दुसरीकडून घेतली.” बाईंनी पुस्तिका परत केली. “ते शेवटचं पान बदला बाई आता.”

परतीच्या बसमध्ये ती चरफडत बसली. राग नेमका कोणाचा, हे तिलाच कळेना. कारखान्यात आलेल्या प्रत्येक इंजिनिअरने दोन बटणांमागे काहीतरी शास्त्र असणार असं धरून डोकं खाजवलं होतं. तिने स्वतः त्यावर चांगलं पानभर लिहिलं होतं, गरम आणि गार बाजूंच्या प्रतिसादाच्या वेगातल्या फरकाबद्दल, आकृतीसह. आणि मूळ काय, तर सडकी अंडी! दोन खाती, दोन मापांचे स्क्रू, दोन पडदे, हिशेबनिसांचे झिजलेले जोडे, सगळा डोलारा त्या एका पेटीवर उभा होता.

तिने दुसऱ्या दिवशी दोघांनाही मीटिंग रूममध्ये बोलावलं. बाबा आले, हिशेबनीस आले. भिंतीवर कंपनीचं यंत्र नेहमीसारखं घुमत होतं, लाल थोरल्यांनी लावलेलं, निळं धाकट्यांनी. तिने एका बाजूला ड्रॉइंग ठेवलं आणि दुसऱ्या बाजूला इतिहासाचा नवा कागद, आणि कोणी शाई काढायच्या आत मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ‘कंपनीचं पहिलं यंत्र अंडी उबवण्यासाठी बनवलं होतं. त्यातून एकही पिल्लू निघालं नाही, कारण दोघे संस्थापक एकमेकांना न सांगता एकच बटण उलट दिशांना फिरवत होते. तेव्हापासून प्रत्येक यंत्रावर दोन बटणं असतात.’

बाबांनी न वाजलेला फोन कानाला लावला आणि ते बाहेर गेले. भांडणाचा वास आला की त्यांना असे फोन येत. थोरल्यांनी हिशेबनिसांकडे वळून विचारलं की हिला हे कोणी सांगितलं. हिशेबनीस धाकट्यांकडे वळणार, तेवढ्यात धाकटेच बोलले, थेट.

“त्या कोंबडीवाल्याच्या पोरीनं. दुसरं कोण सांगणार, दादा?”

हिशेबनीस अर्धे वळलेले तसेच राहिले.

“बापासारखीच दिसतेय,” थोरले म्हणाले. “त्याची अंडीच शिळी होती.”

“शिळी? मी एक फोडून पाहिलं होतं. आत नुसतं पाणी.”

“तू फोडून पाहिलंस? मला बोलला नाहीस.”

“तू बोलत होतास का माझ्याशी?”

आणि मग दोघांची गाडी सुटली. अंडी बाजारात उरलेली होती. कोंबड्या म्हाताऱ्या होत्या. त्या माणसाने अंडी उन्हातून सायकलवर आणली होती, खड्ड्यांतून. कोंबडा तरी होता की नाही याचीच धाकट्यांना शंका होती. थोरले टेबलावर थाप मारून म्हणाले, नव्हताच! दोघांचेही चेहरे उजळले होते. आयुष्यभर ज्याचं खापर एकमेकांवर फोडलं ते असं फुकटात तिसऱ्याच्या डोक्यावर जातंय म्हटल्यावर का उजळणार नाहीत? विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात ते हेच, पण चिरायला आज भलतंच कोणी सापडलं होतं.

शेवटी निकाल लागला. दोघेही सही करायला तयार होते. एका बटणाला आता त्यांची हरकत नव्हती. अंडी चांगली असती तर एक बटण पुरलंच असतं. फक्त इतिहासात लिहायचं की अंडी मुळातच खराब होती.

मापाडीने पेन खाली ठेवलं. ती तेवीस पूर्णांक आठला चोवीस लिहीत नसे. ती म्हणाली, याला पुरावा काय? त्याच खेपेतली काही अंडी कोंबडीखाली ठेवली होती का? ठेवली असतील तर त्यांतून पिल्लं निघाली का? फोडून पाहिलेलं एक अंडं म्हणजे पुरावा नाही. आणि बटण दोन दिशांना फिरत होतं, हे तर तुम्ही नाकारतही नाही आहात.

“पोरी,” थोरले म्हणाले, “सही हवीय ना तुला?”

हवी होती. ड्रॉइंग समोर पडलं होतं, कोपऱ्यात सह्यांचे दोन रिकामे चौकोन. तिला ते अख्खं वर्ष आठवलं, टेस्टिंग रूममधला उकाडा आणि गारठा आठवला, आणि या दोन म्हाताऱ्यांचा इतका वैताग आला की डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं. एक खोटं वाक्य. कोण वाचतं माहितीपुस्तिका? शेवटचं पान तर इतकी वर्षं खोटं होतंच, आणि आभाळ कोसळलं नव्हतं. पण मग इथे राहून मोजायचं काय? मग वाचलेल्या ओळींतलं अक्षरही न बदलता तिने त्यांच्याखाली लिहिलं: ‘अंडी मुळातच खराब होती, असं संस्थापकांचं ठाम मत आहे.’

दोघांनी कागद एकत्र धरून वाचला. ‘ठाम’ हा शब्द थोरल्यांना आवडला. धाकट्यांनी ‘दोघाही संस्थापकांचं’ असं करायला सांगितलं. तिने केलं. मग निळी सही झाली, हिरवी सही झाली. वाक्य तंतोतंत खरं होतं, तरी ते लिहून झाल्यावर तिला कोणाचा तरी खिसा कापल्यासारखं वाटत राहिलं. हॅचरीच्या बाईंना पुस्तिका पाठवायची नाही, एवढं तिने मनाशी ठरवलं. आणि लगेच असंही ठरवलं की पाठवायचीच, शेवटचं पान काढून, स्वतः नेऊन द्यायची आणि काय ते ऐकून घ्यायचं.

एका बटणाचं यंत्र तयार झालं, प्रयोगशाळेत गेलं, पास झालं. पहिल्या खेपेतलं एक मीटिंग रूमच्या भिंतीवर बसवायचं ठरलं. मापाडीने स्वतः बटण चोवीसवर लावलं आणि प्रमाणपत्राची प्रत आणायला खाली गेली. परत आली तर बटण सव्वीसवर. थोरले खिडकीतून बाहेर बघत होते. तिने पुन्हा चोवीस केलं आणि चहा सांगायला दारापर्यंत गेली. वळून बघते तर बावीस. धाकटे छताकडे बघत होते, हात मांडीवर, चेहरा शाळेतल्या हुशार मुलाचा.

एक बटण तिने यंत्रातून काढलं होतं. हात चारचे चारच राहिले होते.

ती तडक खाली वर्कशॉपमध्ये गेली. पत्रेकामाच्या मिस्त्रीकडून बटणावर बसेल एवढं झाकण वाकवून घेतलं, त्याला छोटं कुलूप बसवलं, वर आली, बटण चोवीसवर आणलं, झाकण लावलं, कुलूप घातलं. म्हातारे हे सगळं तोंड उघडं टाकून बघत होते.

“किल्ली कोणाकडे राहणार?” दोघांनीही एकदम विचारलं.

“माझ्याकडे,” ती म्हणाली आणि किल्ली खिशात टाकली.

थोरल्यांनी धाकट्यांकडे पाहिलं. “फार शिकवलं आपण हिला.”

“आपण नाही, तू. मी तेव्हाच नको म्हणत होतो.”

“तू नको म्हणत होतास? अरे, हिच्या निकालाच्या दिवशी गावभर पेढे कोण वाटत फिरत होतं?”

“ते तू मला सांगितलंस म्हणून.”

“मी तुझ्याशी बोलत तरी होतो का तेव्हा?”

यंत्र चोवीसवर पोचलं आणि, जसं आखलं होतं तसं, आपोआप थांबलं. त्या खोलीत आजवर अशी शांतता कधी झालीच नव्हती; दोघांचं भांडण आता थेट खाली वर्कशॉपपर्यंत ऐकू जायला लागलं.